फोल्डरच्या आतले फोल्डर एकदम कसे बघायचे?

प्रत्येक फोल्डर उघडत बसू नका. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या डावीकडच्या पट्टीत रिकाम्या जागी राइट क्लिक करून 'एक्स्पांड टू करंट फोल्डर'वर टिक करा. तुम्ही आहात तिथपर्यंतची फांदी आपोआप उघडते. सगळंच उलगडायचं असेल तर त्याच पट्टीत फोल्डर निवडून नंबर पॅडवरचं * दाबा.

सोलापुरात आमच्याकडे चादरींची डिझाइन्स 'डबल–मोर–लाल–फायनल–फायनल नवीन' अशी खोल गेली होती. पूर्ण पाथ (ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंतचा पत्ता) २६० अक्षरांच्या आसपास गेला की कॉपी अडते, आणि ऐन ऑर्डरच्या दिवशी अडली की जीव कासावीस होतो. तीन पातळ्या पुरेत. रंग, तारीख फाइलच्या नावातच लिहा.