वाचक विचारतात : सिटी हॉलचे पैसे मोजतं कोण?

प्रश्न : आम्ही इलिनॉयमधल्या एका छोट्या सिटीत राहतो. प्रॉपर्टी टॅक्स वाढला, रस्ते मात्र होते तसेच, आणि विचारलं की सिटी हॉलवाले म्हणतात स्टेटकडून पैसे उशिरा येतायत. आमच्या ह्यांचं म्हणणं, दरवर्षी ऑडिट होतं ना, मग आपण कशाला डोकं घालायचं? कोणाचं बरोबर? – एक वाचक, इलिनॉय

उत्तर : ताई, स्टेटकडून पैसे उशिरा येतात हे खरंही असू शकतं, इलिनॉयचा त्याबाबतीतला लौकिक सगळ्यांना ठाऊक आहे. पण ह्यांना एकदा डिक्सनची गोष्ट सांगाच, कारण तिथे हेच वाक्य वीस वर्षं ऐकवलं जात होतं आणि दरवर्षी ऑडिटही होत होतं.

डिक्सन तुमच्याच राज्यातलं, साधारण 16 हजार वस्तीचं गाव, रोनाल्ड रेगन लहानपणी तिथे राहायचे. तिथे रीटा क्रंडवेल नावाच्या कम्प्ट्रोलर होत्या, म्हणजे हिशोब बघणाऱ्या बाई. पगार वर्षाला 80 हजार डॉलर. डिसेंबर 1990 मधे त्यांनी गावाच्या नावाने बँकेत एक जादा खातं उघडलं, नाव असं काही की वाटावं सांडपाण्याच्या कामासाठी ठेवलेला राखीव निधी आहे. मग स्टेटची खोटी बिलं बनवायची, त्याचे चेक फाडायचे, चेकवर नाव नुसतं ‘ट्रेझरर’, आणि ते ह्या खात्यात भरायचे. एप्रिल 2012 मधे एफबीआयने पकडलं तोवर 5 कोटी 37 लाख डॉलर गेले होते! एकट्या 2008 सालात 58 लाख. त्यातून बाईंनी 400 च्या आसपास क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे पाळले, शोमधे बक्षिसांवर बक्षिसं, वीस लाख डॉलरच्या वर किमतीची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर. आणि इकडे गावात रस्त्यांची कामं थांबलेली, पोलिसांना नवीन सामान नाही, कर्मचाऱ्यांचे पगार गोठवलेले. लोकांना वाटायचं बाईंच्या घरचे बहुतेक श्रीमंत असतील, किंवा घोड्यांच्या धंद्यात बरा पैसा असेल.

आता ऑडिटचं. ऑडिटर दरवर्षी येत होते, सही करत होते, पण ती बिलं खरंच स्टेटची आहेत का हे एक फोन करून विचारावं असं कोणाला वाटलं नाही. नंतर गावाने ऑडिट फर्म आणि बँक दोघांवर केस केली आणि 2013 मधे सुमारे 4 कोटी डॉलरवर तडजोड झाली, तेव्हा ऑडिट होतं म्हणजे सगळं ठीक असतं ह्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पकडलं कसं, तर मला ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा भाग हाच वाटतो. चेक बाई फाडणार, खात्यात बाई भरणार, बँकेची स्टेटमेंट बाईच उघडणार आणि काउन्सिलला रिपोर्टही बाईच देणार. रजेवर गेल्या तरी त्या खात्याची टपालं बाजूला काढून ठेवायला माणूस ठरलेला. 2011 मधे घोड्यांच्या शोसाठी लांबच्या रजेवर गेल्या, काम सिटी क्लर्क कॅथी स्वॉन्सन यांच्याकडे आलं, त्यांनी बँकेकडून सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागवली आणि त्यात हे कधी न ऐकलेलं खातं निघालं. त्या थेट मेयर जिम बर्क यांच्याकडे गेल्या, ते एफबीआयकडे, आणि मग काही महिने दोघांनी ऑफिसात रोज बाईंशी हसून बोलत गप्प काढले. (मला हे जमलं नसतं.) बाईंना 19 वर्षं 7 महिन्यांची शिक्षा झाली, 2021 मधे त्या जेलबाहेर आल्या आणि डिसेंबर 2024 मधे अध्यक्ष बायडन यांनी उरलेली शिक्षाही माफ केली, गावात त्यावर काय बोललं गेलं असेल ते लिहायला नको.

तेव्हा ताई, आपल्या सिटीत एवढंच विचारा की चेक कोण फाडतं आणि बँकेचं स्टेटमेंट कोण उघडतं, दोन्ही एकच माणूस करत असेल तर तो कितीही देवमाणूस असला तरी डोकं घाला.

प्रश्न : आमच्याकडे सार्वमत आहे, कमिशनर पद्धत (निवडून आलेले कमिशनरच सिटीचा कारभार बघतात ती) मोडून सिटी मॅनेजर नेमायचा की नाही. नातेवाईक म्हणतात मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा मुख्याधिकारी, चांगलंच आहे. खरंय का? – एक वाचक, मिडवेस्ट

उत्तर : अर्धं खरं. आपल्या नगरपरिषदेचा मुख्याधिकारी राज्य सरकार पाठवतं, नगरसेवकांना त्याला हवं तसं ठेवता किंवा काढता येत नाही. इथला मॅनेजर काउन्सिलच नेमतं, पगार तेच ठरवतं, काढायचं तरी तेच काढतं. म्हणजे काउन्सिल जागं असेल तर उत्तम, नसेल तर रान मोकळं.

डिक्सनने घोटाळ्यानंतर मॅनेजर पद्धतच घेतली आणि ते बरोबरच होतं, तिथे आधी अर्धवेळ कमिशनर प्रत्येकी एकेक विभाग बघायचे आणि आकड्यांना कोणी हात लावत नव्हतं. पण कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ बेल म्हणून सिटी आहे, 35 हजार वस्ती, बहुतेक कष्टकरी लॅटिनो कुटुंबं, तिथे मॅनेजरच होता. रॉबर्ट रिझो, 1993 मधे आला तेव्हा पगार वर्षाला 72 हजार डॉलर, 2010 मधे जवळजवळ 7 लाख 87 हजार, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांचा 4 लाख होता. पोलीस चीफला 4 लाख 57 हजार. आणि काउन्सिल काही का बोललं नाही, तर बहुतेक मेंबर अर्धवेळ कामाचे वर्षाला लाखाच्या आसपास घेत होते, वेगवेगळ्या बोर्डांवर बसल्याचे पैसे, त्यातली काही बोर्डं भरायचीच नाहीत किंवा मिनिटभरात उठायची. सगळे मिळून खाल्लं की ओरडणार कोण?

हे शक्य कसं झालं बघा. 2005 मधे सिटीने एक छोटी स्पेशल इलेक्शन घेतली, विषय ‘चार्टर सिटी व्हायचं का’, म्हणजे सिटीने कारभाराचे स्वतःचे नियम करायचे का, ऐकायलाच कंटाळवाणा. 400 लोकांनीसुद्धा मत दिलं नाही. आणि चार्टर सिटी झाल्यावर काउन्सिलच्या पगारावरची राज्याची मर्यादा लागू राहिली नाही! 2008 मधे एका रहिवाशाने पगार विचारले होते, त्याला सिटीने चक्क खोटे आकडे लिहून दिले. शेवटी लॉस एंजेलिस टाइम्सचे दोन रिपोर्टर शेजारच्या मेवूड सिटीच्या बातमीमागे होते, तिथून बेलपर्यंत आले, रीतसर कागद मागितले, जुलै 2010 मधे बातमी छापली, आणि मग मीटिंगला पाय ठेवायला जागा उरली नाही. मार्च 2011 मधे लोकांनी मतदान करून काउन्सिलला पदावरून काढलं, 2014 मधे रिझोला 12 वर्षांची शिक्षा झाली.

तुम्ही मॅनेजरला मत द्या, माझी हरकत नाही, फक्त त्याचं कॉन्ट्रॅक्ट सही व्हायच्या आधी वाचायला मिळणार का ते विचारा. पगार एका कागदावर आणि रजा, पेन्शन, वाढी दुसऱ्या चार कागदांवर असा प्रकार असेल तर चारही मागा.

प्रश्न : मी ग्रीन कार्डवर आहे, मत देऊ शकत नाही. सिटीकडे असे कागद मागितले तर काही प्रॉब्लेम होईल का? – एक वाचक, इलिनॉय

उत्तर : नाही हो, बिनधास्त मागा. इलिनॉयच्या माहिती कायद्यात कोणीही अर्ज करू शकतं, कारण सांगावं लागत नाही, फार तर धंद्यासाठी हवंय का एवढं विचारतील. उत्तर कामकाजाच्या 5 दिवसांत, लागलेच तर आणखी 5 वाढवून घेतात. आपल्याकडच्या आरटीआयचे 30 दिवस आठवले ना! साध्या काळ्या-पांढऱ्या प्रतीची पहिली 50 पानं फुकट. नाही म्हणाले तर राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ऑफिसात पब्लिक अॅक्सेस कौन्सेलर असतात, त्यांच्याकडे दाद मागता येते. अर्जात मात्र ‘सगळा हिशोब द्या’ असं लिहू नका, ‘सिटीच्या नावावरच्या सर्व बँक खात्यांची यादी’ असं नेमकं लिहा.

काउन्सिलच्या मीटिंगमधेही बोलता येतं, अजेंडा किमान 48 तास आधी लावावा लागतो, तो बघून जा. ‘कन्सेंट अजेंडा’ नावाखाली दहा-बारा विषय एका मतात पास करतात, माझं तर पहिलं लक्ष तिकडेच जातं. बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी काउन्सिल नुसतं ऐकून घेतं, उत्तर देतच नाही, म्हणून प्रश्न लेखी पण देऊन ठेवा आणि पोच घ्या.