हिरवळीवर अंगमेहनतीचा खेळ किती वर्षं टिकतो?

प्रश्न : प्रत्येक चेंडूमागे धावायचं, बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) बरंच मागून जोरकस टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका) मारायचा आणि समोरच्याला दमवायचं, हा टेनिसपटू राफेल नदालचा खेळ. अशा खेळावर गवताच्या कोर्टवरचं विम्बल्डन एखाद-दुसऱ्यांदा जिंकता येईल, पण तिथे वर्षानुवर्षं वर्चस्व राखता येईल का? की गुडघेच आधी जातात?

उत्तर : वर्चस्व राखता येतं, पण खेळ जसाच्या तसा ठेवून नाही. नदाल २००६, २००७, २००८, २०१० आणि २०११ अशा पाचही खेपांना विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि दोनदा जिंकला. मधल्या २००९ मध्ये दोन्ही गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तो विजेतेपद राखायला उतरूच शकला नाही. मग २०१२ ते २०१७ या काळात त्याला एकदाही उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही. लुकाश रोसोल, डस्टिन ब्राउन, जिल म्युलर यांच्याकडून तो हरला, आणि हे तिघंही रॅली (एका गुणासाठीची फटक्यांची देवाणघेवाण) लांबवू न देणारे.

खरी मेख इथेच आहे. दमवून जिंकायचं तर आधी रॅली व्हायला हवी. गवतावर घर्षण कमी, त्यामुळे चेंडू टप्पा पडल्यावर सरपटत पुढे जातो. क्लेवर, म्हणजे मातीच्या कोर्टवर, खांद्याच्या वर उसळणारा टॉपस्पिन इथे कमरेच्या आसपास येतो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अगदी सोयीच्या उंचीवर. त्यात त्याची सर्व्हिस चांगली असेल तर त्याचा गेम मिनिट-दीड मिनिटात आटोपतो. पाच सेट खेळूनही तो ताजातवाना राहतो आणि तुमच्या दमसासाचा फायदा वायाच जातो.

शरीराचं म्हणाल तर गवतावर एकूण धावपळ क्लेपेक्षा कमीच होते. भार पडतो तो वेगळ्या जागी. क्लेवर खेळाडू घसरत घसरत थांबतो, वेग आपोआप मारला जातो. गवतावर, विशेषतः पहिल्या आठवड्यात ते कोवळं आणि निसरडं असताना, छोट्या छोट्या पावलांनी थांबावं लागतं. वर चेंडू खाली राहत असल्याने प्रत्येक फटक्याला गुडघे खोल वाकवायचे. मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि तो सगळा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर येतो. क्लेच्या मोसमात ही कंडरा आधीच शिणलेली असते. पूर्वी फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन यांच्यात दोनच आठवडे असायचे, २०१५ पासून तीन झाले. नदालसारख्या, फ्रेंच ओपन शेवटच्या दिवसापर्यंत खेळणाऱ्या खेळाडूला हा जादा आठवडा फार मोलाचा.

टिकले ते आपला खेळ बदलणारे. ब्यॉन बोर्ग एरवी बेसलाइनवरचा खेळाडू, पण विम्बल्डनला पहिल्या सर्व्हिसमागे नेटवर धावायचा. १९७६ ते १९८० अशी सलग पाच विजेतेपदं त्याने मिळवली. नोव्हाक जोकोविचचा खेळही शरीराची परीक्षा पाहणाराच. मात्र तो बेसलाइनला चिकटून उभा राहतो, चेंडू लवकर घेतो, सपाट मारतो. सात विजेतेपदं, त्यातलं पहिलं २०११ चं आणि सातवं २०२२ चं. म्हणून आमचं स्पष्ट मत असं, की मेहनती खेळाडू हिरवळीवर टिकतो. मेहनतीवरच विसंबणारा टिकत नाही. महिलांमध्ये २०१९ च्या अंतिम सामन्यात सिमोना हालेपने सेरेना विल्यम्सला ६-२, ६-२ हरवताना संपूर्ण सामन्यात फक्त तीन अनावश्यक चुका केल्या. धावून चेंडू परत करण्याचा तो वस्तुपाठ होता, पण तिचे फटके खोल आणि सपाट होते, हे विसरू नये.

प्रश्न : विम्बल्डनचं गवत बदलल्यामुळे बेसलाइनवाल्यांचं फावलं, हे खरं का?

उत्तर : बऱ्याच अंशी. पूर्वी ७० टक्के राय आणि ३० टक्के फेस्क्यू गवत असे. २००१ पासून पूर्ण राय. हेतू कोर्ट टिकाऊ करण्याचा होता, पण जमीन घट्ट राहू लागली आणि टप्पा अधिक उंच व खात्रीचा झाला. २००१ चा अंतिम सामना इवानिसेविच आणि राफ्टर या दोन सर्व्ह-व्हॉलीवाल्यांत (सर्व्हिस करून लगेच नेटवर धावणाऱ्यांत) झाला, तर २००२ चा ह्युइट आणि नालबँडियन या दोन बेसलाइनवाल्यांत.

प्रश्न : माझी मुलगी भरपूर टॉपस्पिन मारते, मागे उभी राहून खेळते. गवतावरच्या स्पर्धेआधी काय बदलावं?

उत्तर : पकड बदलू नका, तेवढा वेळ नसतो. रॅकेट मागे नेणं मात्र निम्म्यावर आणा. चेंडू सरपटत आला की लांब स्विंग हमखास उशिरा येतो आणि फटका फ्रेमवर लागतो. उभं राहण्याची जागा एक ते दीड मीटर पुढे. सर्व्हिस घेताना चेंडू फक्त अडवून खोल परत करायचा. बॅकहँड स्लाइस (चेंडूला उलटी फिरकी देणारा फटका) रोज घोटवून घ्या, कारण गवतावर तो जेमतेम उठतो आणि समोरच्यालाच वाकायला लावतो. आखूड चेंडू मिळाला की पुढे जायचंच, परत मागे यायचं नाही.

बूट तळाला बारीक रबरी दाणे असलेले घ्या. क्लेचे बूट ओलसर गवतावर निसटतात. पहिले दोन-तीन दिवस सराव तासाभराचाच ठेवा, कारण सतत वाकून नितंब आणि कंबर भरून येते. मांड्यांचा व्यायाम, म्हणजे तीन-चार सेकंद घेत सावकाश खाली जाणारे स्क्वॉट, निदान सहा आठवडे आधी सुरू करा. स्पर्धेच्याच आठवड्यात सुरू केले तर दुखऱ्या पायांनी खेळावं लागेल. वाटीच्या खालच्या टोकाला बोटाने दाबल्यावर दुखत असेल आणि सकाळी जिना उतरताना ते जाणवत असेल, तर उड्या आणि स्प्रिंट लगेच थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.