स्पॅनिशमध्ये 'बोसोत्रोस' शिकू की 'बोस'? क्लासात एक शिकवतात, ऑफिसच्या कॉलवर दुसरंच ऐकू येतं

तुमची टीम ब्युनोस आयरेसची आहे ना? मग 'बोस' शिका, म्हणजे एका माणसाला म्हणायचं 'तू'. बोसोत्रोस म्हणजे अनेक मित्रांना 'तुम्ही', ते स्पेनच्या बोलण्यातलं. लॅटिन अमेरिकेत अनेकवचनाला उस्तेदेसच, समोर मित्र असोत की मंत्री.

मी पुण्यात क्लास करत होते तेव्हा हिंजवडीत माझं काम अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या लोकांबरोबर होतं. पहिल्या कॉलवर मी क्लासातलं बोसोत्रोसचं 'कोमो एस्ताइस' (कसे आहात) म्हटलं. पलीकडच्या बाई क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "असं आमच्याकडे चर्चमध्ये ऐकू येतं." त्यानंतर रोज संध्याकाळी ऐकून ऐकून 'बोस तेनेस' (तुझ्याकडे आहे), 'देसीमे' (मला सांग) कानात बसलं. परीक्षेत पत्र लिहिताना तेच हातून उतरलं. सरांनी लाल पेनाने 'बोस तेनेस' खोडून वर 'तू तिएनेस' लिहिलं (स्पॅनिशमध्येही 'तू' आहेच) आणि समासात शेरा मारला: अशुद्ध. विचारायला गेले तर म्हणाले, ती रस्त्यावरची भाषा आहे.

'अशुद्ध' हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. मी कोल्हापूरची. आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. सहावीत पुण्याच्या शाळेत आले आणि पहिल्याच आठवड्यात "बाई, पाणी पिऊन येतो" म्हटलं. अख्खा वर्ग हसला. बाईंनी उभं करून दहा वेळा 'येते' म्हणायला लावलं. आईशी फोनवर मी आजही 'येतो'च म्हणते आणि त्यात काही चुकतंय असं मला कोणी सांगू नये.

बोस तर रस्त्यावर जन्मलेलंही नाही. जुन्या स्पेनमध्ये ते मानाचं संबोधन होतं. वापरून वापरून त्यातला मान गेला, तेव्हा 'बुएस्त्रा मेर्सेद' आलं, आपल्या 'महाराजांनी बसावं'सारखं. तेच झिजून उस्तेद, म्हणजे एकाला मानाने म्हणायचं 'तुम्ही', झालं, म्हणून त्याला क्रियापद तृतीय पुरुषी लागतं. स्पेनने बोस टाकून दिलं, ला प्लाता नदीकाठच्या लोकांनी जपलं.

आणि ते सोपं आहे हो! मूळ क्रियापदाचा शेवटचा 'र' काढा, 'स' लावा, जोर शेवटी द्या: आब्लार-आब्लास, तेनेर-तेनेस, बिबीर-बिबीस. 'तिएनेस'सारखी मधली मोडतोड नाही. सेर (असणे) याचं 'सोस', इर (जाणे) याचं 'बास' अशी थोडी पाठ करा. कर्माचं 'ते' आणि 'तुझा'साठीचं 'तु' आहे तसंच राहतं.

एक सांगायचं राहिलं. अर्जेंटिनाचं सगळीकडे चालत नाही. मेक्सिकोत सहसा 'तू'च. कोलंबियातल्या बोगोतात घरातल्या घरातही उस्तेद ऐकाल, तिथे 'उस्तेद म्हणजे अहो' हा हिशेब सोडून द्या. डेले ही स्पॅनिशची प्रमाणपत्र परीक्षा द्यायची असेल तर बोसोत्रोसची रूपं ओळखता आलीच पाहिजेत. लिहिताना मात्र कोणत्याही प्रदेशाची प्रमाण बोली चालते, फक्त एकाच पत्रात बोस आणि तू यांची खिचडी नको.

सरांपुढे मी गप्प बसले, कारण तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असू दे: अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीने १९८२ साली बोस प्रमाण भाषेत धरलं. तुमचं 'तेनेस' कोणी खोडलं तर हे सांगा आणि कापलेले मार्क परत मागा.