न्यू जर्सीत घरामागे कंपोझिट डेक: एक कोटेशन 11 हजारांचं, दुसरं 21 हजारांचं, मग खरा खर्च किती?

तुम्ही विचारलंय की 12 बाय 16 फुटांचा कंपोझिट डेक, म्हणजे भुसा-प्लास्टिकच्या फळ्यांचा उघडा ओटा, करायचाय, मागचं सरकतं दार जमिनीपासून चारेक फूट वर आहे, एकाने 11 हजार डॉलर सांगितले आणि दुसऱ्याने 21 हजार, तर यातला बरोबर कोण आणि स्वतः केलं तर किती वाचतील. आता योगायोग बघा, हाच साइझ, हीच उंची, मी 2023 च्या उन्हाळ्यात केलाय, सॉमरसेट काउंटीत. त्यामुळे लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी आकडा देऊन टाकतो. मला सगळं मिळून 13 हजारांच्या आसपास पडलं. त्यात खड्डे आणि खालचा सांगाडा माणसांकडून करून घेतला, वरच्या फळ्या, पायऱ्यांच्या फळ्या आणि रेलिंग मी आणि माझ्या मेव्हण्याने लावलं. पूर्ण काम देऊन टाकलं असतं तर 19 हजार होते. सगळंच स्वतः केलं असतं तर माल, टॅक्स, परमिट धरून साडेआठ हजारांच्या थोडं वर बसलं असतं, कंबरेचा खर्च वेगळा.

मलाही तीन कोटेशन आली होती, साडेबारा, 18,900 आणि 24 हजार. साडेबारावाला फार गोड बोलायचा, बायको तर म्हणाली देऊन टाक. मी रात्री कागद घेऊन बसलो तर त्यात रेलिंगचा शब्दच नाही! फोन केला तर म्हणे "ते एक्स्ट्रा", पायऱ्यांच्या उभ्या पट्ट्या एक्स्ट्रा, बाहेरून सांगाडा झाकायच्या फळ्या एक्स्ट्रा, आणि परमिट काढायची काही गरज नाही, कोण बघतंय मागच्या अंगणात. ते सगळं एक्स्ट्रा मिळवलं तर तोही साडेअठरालाच जात होता. तुमचा 11 हजारवाला पण बहुतेक याच जातीचा असणार, त्याला आजच विचारा की रेलिंग किती फूट धरलंय आणि ते लिहून द्या.

कारण डेकच्या खर्चात सगळे फळ्यांचा भाव विचारतात आणि पैसे जातात भलतीकडे. कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेली फळी, हल्लीच्या फळ्यांवर वरून प्लास्टिकचं कवच असतं. ट्रेक्स, टिंबरटेक, फायबरॉन ही नावं दुकानात दिसतील. पण ही फक्त वरची कातडी. खालचा सांगाडा कंपोझिटचा होत नाही, तेवढी ताकद त्यात नसते, तिथे तेच हिरवट प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं, लाकूड. म्हणजे लाकडी डेक केला काय आणि कंपोझिट केला काय, खड्डे तेच, खांब तेच, इन्स्पेक्शन तेच. फरक पडतो तो फळ्यांत आणि रेलिंगमध्ये.

फळ्यांचा हिशोब करून दाखवतो, कारण इथेच मी स्वतः आपटलो. फळी साडेपाच इंच रुंद आणि दोन फळ्यांत साधारण 3/16 इंच फट, म्हणजे 12 फुटांत 26 ओळी बसतात. 16 फुटी फळी घेतली की मध्ये जोड येत नाही, एका ओळीला एक फळी. वाया जायला दोन जास्त धरा, 28. कडेने तीन बाजूंना चौकट हवी असेल तर अजून 3. मी ऐटीत 31 फळ्या मागवल्या आणि पायऱ्या साफ विसरलो. चार फूट उंची म्हणजे 48 इंच, एका पायरीची उंची मी पावणेआठ इंचाच्या आत ठेवली, म्हणजे सात चढ आणि सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला चार-चार फुटांचे दोन तुकडे, बारा तुकडे, बरोबर तीन फळ्या. त्या तीन फळ्या महिन्याभराने आणल्या तर त्याच नावाचा रंग, पण लॉट वेगळा. दुसऱ्या कोणाला दिसत नाही, मला रोज सकाळी पहिल्यांदा तेच दिसतं. अजून एक, आत लावायच्या फळीला दोन्ही कडांना खाच असते, त्यात क्लिप बसते म्हणून वरून स्क्रू दिसत नाही, पण पायरी आणि कडेच्या चौकटीला बिनखाचेची फळी लागते, नाहीतर ती खाच बाहेरून उघडी दिसते. ऑर्डर देताना दोन्ही वेगवेगळ्या मोजा.

मधल्या दर्जाची फळी मला 72 डॉलरला पडली, 34 फळ्यांचे साधारण 2,450. क्लिपा-स्क्रू 300. बाहेरून झाकायच्या रुंद फळ्या, पायऱ्यांचे उभे भाग धरून, 600. आणि आता रेलिंग ऐका. तीन बाजू मिळून 40 फूट, पायऱ्यांची जागा सोडली की 36, पायऱ्यांच्या दोन्ही बाजू धरून 48 फूट, 55 डॉलर फूट या भावाने 2,640. म्हणजे सगळ्या फळ्यांपेक्षा रेलिंग महाग! आणि ते टाळता येत नाही, कारण डेक जमिनीपासून 30 इंचांच्या वर गेला की रेलिंग सक्तीचं, उंची कमीत कमी 36 इंच आणि दोन दांड्यांमधून चार इंची चेंडू जाता कामा नये. तुमचं दार दोन फुटांवर असतं तर हे अडीच हजार आणि त्याची मजुरी सरळ वाचली असती. म्हणून कोणी "स्क्वेअर फुटाला किती" विचारलं की मी आधी विचारतो, दार किती उंचावर आहे.

पैसे वाचवायचेच असतील तर इथे वाचवा. फळी कंपोझिट आणि रेलिंग साध्या काळ्या अ‍ॅल्युमिनियमचं, तयार पॅनेलवालं, ते कंपोझिटच्या रेलिंगपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं आणि नजरेआड होतं, मागची झाडं दिसतात. आमचं तेच आहे.

जिथे वाचवायचे नाहीत ती जागा म्हणजे लेजर, घराच्या भिंतीला लागून जी आडवी फळी असते ती. डेक पडल्याच्या बातम्या येतात ना, पार्टी चालू होती आणि पंधरा माणसांसकट खाली आला वगैरे, त्यात बहुतेक वेळा हीच फळी भिंतीतून सुटलेली असते, नुसते खिळे ठोकलेले किंवा मागे पाणी मुरून लाकूड कुजलेलं. अर्धा इंची बोल्ट किंवा त्याच कामासाठी बनवलेले जाड स्ट्रक्चरल स्क्रू हवेत आणि वरून पाणी बाहेर काढणारा पत्रा, म्हणजे फ्लॅशिंग, हवाच. भिंतीवर व्हिनाइल साइडिंग, म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं आवरण, असेल तर तिथलं कापून काढावं लागतं, साइडिंगच्या वरूनच फळी मारतो म्हणणाऱ्याला चहा देऊन घरी पाठवा. आणि भिंत शोभेच्या विटेची असेल तर तिला लेजर लावायचाच नाही, घराशेजारी वेगळ्या खांबांवर डेक उभा करायचा, तो खर्च वाढतो हे आधीच धरा.

खड्ड्यांचं सांगतो, आमच्याकडे तिथेच नाट्य झालं. थंडीत जमीन गोठून फुगते आणि खांब वर ढकलते, म्हणून आमच्या टाउनशिपला पाया 36 इंच खोल लागतो. आमच्या भागात वर लाल माती आणि फूट-दोन फुटांखाली तो लाल शेल दगड, खड्डे पाडायचा ऑगर नुसता घरघरतो आणि वर काही येत नाही. चारपैकी एक खड्डा 30 इंचांवर अडला, सांगाडावाल्याने तसाच ठेवला, इन्स्पेक्टर आला, त्याने टेप सोडला, "थर्टी" एवढंच म्हणाला आणि फेलचा कागद चिकटवून गेला. मग ब्रेकर आणून फोडला, आठवडा गेला आणि दगडाचे म्हणून वरचे 350 डॉलर मीच भरले, कारण करारात दगड लागला तर कोण भरणार हे लिहिलंच नव्हतं. तुम्ही लिहून घ्या. काँक्रीटचा अंदाज हवा असेल तर 16 इंच व्यासाच्या खड्ड्याला 80 पौंडांची सात पोती, चार खड्ड्यांना 28, म्हणजे एक टन. पोत्याचे सहा-सात डॉलर, पैशाचं काही नाही हो, पण ती गाडीतून मागच्या अंगणात कोण नेणार? हे मी मोजलं आणि त्याच दिवशी सांगाडा बाहेर द्यायचं ठरलं. खड्डे, खांब, बीम, 16-16 इंचांवर जॉइस्ट (फळ्यांखालचे आडवे वासे), लेजर, पायऱ्यांचा सांगाडा, मालासकट 6,200 घेतले त्याने, वर ते 350. स्वतः केलं तर यातला माल साधारण 1,900 चा. खणायच्या आधी 811 ला फोन करा, फुकट आहे, गॅस आणि केबलच्या खुणा मारून जातात.

परमिटला मला झोनिंग (जागेवर कुठे काय बांधता येतं त्याची मंजुरी) धरून 230 लागले, टाउनशिपप्रमाणे बदलेल. घराच्या सर्व्हेच्या नकाशावर डेक आखून द्यायचा, स्वतःच्या राहत्या घराचं ड्रॉइंग स्वतः काढलेलं चाललं. एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर त्यांची परवानगी वेगळी, ती आधी घ्या, रंगावरून महिना घालवतात. बिनपरमिटचा डेक घर विकताना गळ्याशी येतो. परमिट काढला की असेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत, वाढून प्रॉपर्टी टॅक्स थोडा वाढू शकतो, हेही खरं, पण त्यासाठी लपवाछपवी नको. मालावर 6.625 टक्के सेल्स टॅक्स धरा. कॉन्ट्रॅक्टरच्या मजुरीवर मात्र तो लागत नाही, कारण डेक कॅपिटल इम्प्रूव्हमेंटमध्ये, म्हणजे घरातल्या कायमच्या सुधारणेत, येतो, एसटी-8 नावाचा फॉर्म भरून त्याला द्यायचा. कॉन्ट्रॅक्टरचा 13VH ने सुरू होणारा नोंदणी नंबर मागा, तो नाही म्हटला की विषय संपला. 500 डॉलरच्या वरचं काम लेखी करारावर हवं आणि सही केल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतं.

"पैसे वसूल होतात का" असं तुम्ही शेवटी विचारलंय. विकताना पूर्ण नाही. अमेरिकेत दरवर्षी कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू म्हणून रिपोर्ट निघतो, त्याच्या 2024 च्या देशभराच्या सरासरीत 16 बाय 20 चा कंपोझिट डेक 24,206 डॉलरचा आणि विक्रीत परत येतात 68.2 टक्के, तेवढाच लाकडी 17,615 चा आणि परत 82.9 टक्के. म्हणजे दोन-तीन वर्षांत घर विकायचं असेल तर लाकडीच करा, कंपोझिटच्या नादी लागू नका. आम्ही इथे मुलं कॉलेजला जाईपर्यंत राहणार, आणि जुन्या घरी लाकडी डेक होता, दर दोन वर्षांनी धुवा, घासा, स्टेन लावा, पोरांच्या पायात कुसळ गेलं की ते सुईने काढा, हे सगळं करून झालंय. आता वर्षातून एकदा साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. 25 वर्षांची, महागड्या फळ्यांना 50 वर्षांचीही वॉरंटी देतात, पण ती मालाची, उखडून परत लावायची मजुरी बहुधा तुमचीच.

लावण्याचं काम तसं अवघड नाही. आम्हाला फळ्यांना तीन वीकेंड आणि रेलिंगला दोन लागले, रेलिंगने जास्त रडवलं, पायऱ्यांचा तिरका कोन दोनदा चुकला. आणि हो, फळी उन्हात वाढते आणि थंडीत आखडते. आम्ही कडेची चौकट ऑगस्टच्या भर उन्हात कोपऱ्यात 45 अंशात कापून अगदी केस न जाईल अशी घट्ट बसवली, मेव्हण्याने फोटो काढून ग्रुपवर टाकला. जानेवारीत त्याच फटीत क्वार्टर, म्हणजे 25 सेंटचं नाणं, उभं राहत होतं.

रंगाची मात्र घाई करू नका. आम्ही चॉकलेटी गडद घेतला, दुकानात फार भारी दिसला, आणि जुलैच्या दुपारी दोनला त्यावर अनवाणी दोन पावलं टाकता येत नाहीत. सांगलीहून आई आली होती, तिने एकदा हात लावून बघितला, आत गेली, जुनी चादर आणली आणि बटाट्याचे पापड घातले, संध्याकाळपर्यंत कडकडीत वाळले. तिच्या दृष्टीने 13 हजार वसूल. पण तुमच्याकडे लहान मूल असेल तर दोन-तीन रंगांचे सॅम्पलचे तुकडे घरी मागवा, दुपारी बाराला उन्हात ठेवा आणि दोन वाजता चपला काढून त्यावर उभे राहा, ज्यावर दहा आकडे मोजता येतील तो रंग घ्या.