भरपाई आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध फेरविचार मागावा की अपील करावे?

तुमच्या वडिलांच्या हाताच्या दुखापतीची टक्केवारी भरपाई आयुक्तांनी, म्हणजे कामावरच्या अपघातांच्या भरपाईचे दावे ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, कमी धरली आहे. त्यांच्याकडेच फेरविचाराचा अर्ज द्यावा की उच्च न्यायालयात अपील करावे, आणि त्याला खर्च किती येईल, असे तुम्ही विचारले आहे. फेरविचाराच्या नादी लागू नका, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. अपिलाची साठ दिवसांची मुदत आदेशापासूनच चालू झाली आहे आणि फेरविचाराचा अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. पुढचे उत्तर लांबणार आहे, कारण नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या घरात वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही.

कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या कलम ६ मध्ये पुनर्विलोकनाची, म्हणजेच फेरविचाराची, तरतूद आहे, पण ती दर पंधरवड्याला मिळणाऱ्या रकमेपुरती, म्हणजे तात्पुरत्या अपंगत्वापुरती आहे. प्रकृतीत फरक पडल्याचा वैद्यकीय दाखला जोडून ती रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते. एकरकमी भरपाईच्या आदेशाला हे कलम लागत नाही. याच अधिनियमाखालच्या १९२४ च्या नियमांतील नियम ३२ तर स्पष्ट सांगतो की निकालावर सही होऊन तो जाहीर झाल्यावर लेखनातील किंवा आकडेमोडीतील चुकीखेरीज त्यात काहीही बदलता येत नाही. तेव्हा बेरीज चुकली असेल तर जरूर अर्ज द्या, पण टक्केवारी पटली नाही म्हणून आयुक्त आपलाच निकाल फिरवतील ही आशा सोडा.

आता आमची हकीकत. माझा धाकटा भाऊ एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत पॉवर प्रेसवर कामाला होता. उजव्या हाताची तीन बोटे गेली आणि मनगट चेंगरून कायमचे आखडले. कंत्राटदाराने अपघात मान्य केला, पण तीन बोटांचे अनुसूचीप्रमाणे, म्हणजे कोणत्या दुखापतीला किती टक्के हे सांगणाऱ्या अधिनियमातल्या यादीप्रमाणे, तीस टक्के होतात, ते घ्या आणि समजुतीच्या कागदावर सही करा, असा आग्रह धरला. टक्केवारीने किती फरक पडतो ते पाहा. जखमी कामगाराचे वय ३० आणि हिशेबात धरायचे मासिक वेतन १५,००० रुपये असेल, तर वेतनाच्या साठ टक्क्यांना त्या वयासाठी ठरलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणून पूर्ण अपंगत्वाची रक्कम १८,७१,८२० रुपये येते. तिचे तीस टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये, आणि पन्नास टक्के धरले तर ९,३५,९१० रुपये. आखडलेल्या मनगटाला शून्य धरणे म्हणजे माणसाच्या हातातून काही लाख रुपये काढून घेणे होय, आणि ज्याला त्या हाताने पुन्हा कधी पाना धरता येणार नाही त्याच्यावर हा अन्याय आहे.

आम्ही अर्ज केला. भावाच्या उलटतपासणीच्या तारखेला तो शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होता आणि आमचे वकील दुसऱ्या न्यायालयात अडकले होते. कोणीच हजर नाही म्हणून अर्ज खारीज झाला. आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, घरातले अनुभवी माणूस. त्यांचे मत ठाम होते: "खाली वेळ घालवू नका, इथे काही होत नाही, आपण वर बघू." घरातल्या बहुतेकांना ते पटलेही. मला मात्र पटले नाही. वर जाऊन दाखवणार काय? भावाची साक्ष पूर्ण झाली नव्हती, डॉक्टरांची सुरूही झाली नव्हती. उच्च न्यायालयाने आमची बाजू घेतली असती तरी फार तर प्रकरण परत खालीच पाठवले असते, आणि तोवर काही वर्षे गेली असती.

वर सांगितलेल्या १९२४ च्या नियमांनी दिवाणी प्रक्रिया संहितेतील काही मोजके 'आदेश' (त्या संहितेतल्या प्रकरणांना आदेश म्हणतात) आयुक्तांच्या कामकाजाला लागू केले आहेत, आणि त्यांत आदेश ९ येतो. गैरहजेरीमुळे खारीज झालेला अर्ज पुन्हा पटावर घेणे किंवा एकतर्फी झालेला निकाल रद्द करणे, ही कामे त्याखाली होतात. पुनर्विलोकनाचा आदेश ४७ मात्र त्या यादीत नाही. म्हणजे दार लावून घेतले गेले असेल तर ते त्याच आयुक्तांकडून उघडून घेता येते. निकाल चुकला असेल तर तिथे उपाय नाही. रुग्णालयाचा डिस्चार्ज कार्ड आणि शपथपत्र जोडून आम्ही तीस दिवसांच्या आत अर्ज दिला, आणि आमचे प्रकरण पुन्हा पटावर आले.

त्यानंतर आम्ही पुराव्यावर जोर दिला आणि ऑर्थोपेडिक सर्जनना साक्षीला बोलावले. मनगट किती वळते, पकड किती उरली आणि प्रेसवरचे कोणते काम भावाला आता करता येणार नाही, हे सगळे त्यांनी शपथेवर सांगितले. त्यांचे प्रमाणपत्र नुसते फाइलला न जोडता त्यांच्या साक्षीतून शाबीत करून त्यावर निशाणी क्रमांक, म्हणजे पुरावा म्हणून स्वीकारल्याचा क्रमांक, पाडून घेतला. कंत्राटदाराच्या वकिलांनी त्यांच्या उलटतपासणीत मनगटाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. कामाचे स्वरूप आणि वेतन यांबद्दल एका सहकाऱ्याची साक्षही नोंदवून घेतली. एवढे होऊनही आदेश आला तो तीन बोटांच्या तीस टक्क्यांचाच. मनगटाचा त्यात उल्लेखही नव्हता, आणि व्याजाबद्दल एक ओळ नव्हती.

तेव्हा अपील केले आणि ते माझ्याच आग्रहाने केले. कलम ३० खालचे अपील म्हणजे पुराव्याची नव्याने छाननी नव्हे. वस्तुस्थितीवर आयुक्तांचा शब्द अखेरचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पुन्हा सांगितले आहे. अपिलात कायद्याचा सारभूत, म्हणजे महत्त्वाचा, प्रश्न असावा लागतो, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर वादातील रक्कम किमान दहा हजार रुपयांची असावी लागते. त्यामुळे "टक्केवारी कमी दिली" हा मुद्दा तिथे उभा राहत नाही. न खोडलेली वैद्यकीय साक्ष विचारात न घेताच निष्कर्ष काढला, हा मुद्दा उभा राहतो. एका महिन्यात भरपाई न दिल्यास कलम ४अ प्रमाणे बारा टक्के सरळ व्याज देणे बंधनकारक असताना ते दिले नाही, हाही उभा राहतो. आमच्या अपिलात हे दोनच प्रश्न होते. उच्च न्यायालयाने व्याज लावले, मनगटाचा प्रश्न नव्याने ठरवण्यासाठी आयुक्तांकडे परत पाठवला, आणि आयुक्तांनी पुढे पन्नास टक्के धरले.

दाजी आजही म्हणतात की वर गेलो म्हणून मिळाले. मी म्हणतो, सर्जनची साक्ष खाली निशाणीवर होती म्हणून मिळाले. ती नसती तर न्यायालयापुढे वाचायलाच काही नसते. दाजींच्या सल्ल्याप्रमाणे खारीज झालेल्या अर्जावरून थेट वर गेलो असतो, तर रिकाम्या फाइलवर वाद घालावा लागला असता. कार्यपद्धती म्हणजे गरिबाला अडवण्याचा डाव, असेही ते म्हणतात. पण कंत्राटदारानेही अपील केले होते, आणि ते टिकले नाही ते कार्यपद्धतीमुळेच. मालकाला अपील करायचे तर आदेशाची रक्कम आयुक्तांकडे आधी जमा करून तसे प्रमाणपत्र अपिलासोबत लावावे लागते, आणि ते त्याच्यापाशी नव्हते. अपील चालू आहे म्हणून जमा रक्कम रोखून धरण्याचा अधिकार देणारे कलम ३०अ सुद्धा २०१७ मध्ये काढून टाकले गेले, तेव्हा मालक अपिलात गेला तरी पैसे मिळण्यासाठी अर्ज करता येतो. हे नियम कामगाराच्याच बाजूचे आहेत आणि त्यांना तांत्रिक बाबी म्हणून उडवून लावणाऱ्या प्रत्येकाशी मी वाद घालतो.

तुमच्या प्रकरणात डॉक्टरांची साक्ष झाली होती की नुसते प्रमाणपत्र जोडले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि सगळे त्यावर अवलंबून आहे. साक्ष झाली असेल तर ती आणि निकालपत्र शेजारी ठेवून वाचा, आणि निकालाने कशाला हातच लावलेला नाही ते टिपून काढा. शरीराची हानी आणि कमाई करण्याच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व आहे, मग अनुसूचीतला आकडा काहीही असो. वडील कोणते काम करत होते ते निकालात विचारात घेतलेले नसेल, तर तुमचा कायद्याचा प्रश्न बहुधा तिथेच आहे.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वडील राज्य कामगार विमा योजनेत असतील तर वरचे काहीही लागू नाही, कारण तिथे या अधिनियमाखाली भरपाई मागताच येत नाही. त्या योजनेत टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते, त्यावर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात जाता येते, आणि दुखापत अनपेक्षितपणे बरीच बळावली तर मंडळाकडून खरोखरच पुनर्विलोकन करून घेता येते. दुसरे असे की २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली आहे, त्यामुळे अपघात त्यानंतरचा असेल तर कलमांचे क्रमांक वेगळे असतील. ते वकिलांकडून तपासून घ्या.

खर्चाचा आकडा मी देत नाही, तो वकिलागणिक बदलतो. मात्र विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला आणि अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि उच्च न्यायालयाची स्वतःची विधी सेवा समिती असते. तिथे अर्ज करा. निकालपत्र, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि साक्षींच्या प्रमाणित नकलांसाठी मात्र आजच अर्ज द्या. नक्कल मिळण्यास लागलेला काळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज करण्यापूर्वी वाया गेलेले दिवस वगळले जात नाहीत. मुदत उलटलीच तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, परंतु फेरविचाराची वाट पाहत होतो हे कारण न्यायालयाला पटेलच असे धरून चालू नका.