कागद दिलात, चित्र नाही

डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मी नोकरी करतो. चार वर्षांपासून ए-फोर कागदाला एक काप देऊन, घडी घालून आठ पानांचं छोटं कॉमिक बनवतो. एक चष्मेवाला भारद्वाज पक्षी लोकलने फिरतो, एवढीच गोष्ट. झेरॉक्स काढतो, रंग हाताने भरतो आणि लोकलच्या खिडकीपाशी, ग्रंथालयातल्या पुस्तकात, मंडईच्या कट्ट्यावर ठेवून येतो. नाव लिहीत नाही, शेवटच्या पानावर फक्त एक पीस काढतो. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका दुकानात माझा भारद्वाज मगवर आणि टीशर्टवर दिसला. पीस पुसलेलं आणि फुग्यात बायकोची टिंगल करणारं वाक्य. मालक म्हणाला, 'गाडीत टाकलेलं होतं, कुणाचं नावही नव्हतं. जास्त बोललात तर डब्यात कागद चिकटवणारा हाच, असं रेल्वे पोलिसांना सांगेन.' दोन वर्षांपूर्वी काही कॉमिकं मी खरंच डबल टेपने डब्यात चिकटवली होती, एकदा ताकीदही मिळाली होती. आता हक्क सांगायला गेलो तर मीच अडकेन का?"

आधी ही भीती बाजूला करू, कारण तिच्यापायी तुम्ही महिनाभर गप्प बसला आहात. रेल्वेच्या डब्यात परवानगीशिवाय कागद चिकटवणं २०१२ च्या स्वच्छताविषयक दंडनियमांत बसतं. दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल सहा महिने उलटल्यावर न्यायालय सहसा घेत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४ तसं सांगतं. कुणी महाराष्ट्राचा १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा पुढे केला, तर त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण तिथेही मुदत एक वर्षाची. तुमची टेप दोन वर्षांपूर्वीची. दुकानदाराच्या धमकीत दम नाही. ती मेसेजवर आली असेल तर मात्र जपून ठेवा.

आता भारद्वाजाकडे येऊ. ज्याने तुमचं कॉमिक उचललं, त्याला तो कागद मिळाला. त्याने तो घरी न्यावा, भिंतीवर लावावा, हवा तर विकावा. एकदा लोकांत गेलेली प्रत हातोहात फिरण्याला कॉपीराइट आड येत नाही. पण त्या कागदावरून नवी प्रत काढणं, चित्र मगवर छापणं, त्यात बदल करणं हा वेगळा हक्क आहे आणि तो आजही तुमच्याकडेच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी कागद लागतो. कायमचा सोडून द्यायचा तर कलम २१ प्रमाणे कॉपीराइट निबंधकाला विहित नमुन्यात नोटीस द्यावी लागते किंवा जाहीर सूचना काढावी लागते. खिडकीपाशी कॉमिक ठेवून उतरून जाणं यांपैकी कशातच बसत नाही.

नाव नव्हतं, हेही कारण चालणार नाही. निनावी आणि टोपणनावाच्या कृतींना कायद्याने वेगळं संरक्षण दिलं आहे. कलम २३ प्रमाणे प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि त्या मुदतीत लेखक उघड झाला तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नोंदणीची सक्तीही नाही.

समोरचा वकील हुशार असेल तर तो कलम ५२ मधला एक अपवाद काढेल. सार्वजनिक जागी असलेल्या काही कलाकृतींचं चित्र काढायला किंवा फोटो छापायला परवानगी लागत नाही, हे खरं आहे. पण तो अपवाद शिल्पं आणि कलात्मक कारागिरीच्या वस्तूंसाठी आहे, आणि त्या तिथे कायमच्या असायला हव्यात. तुमचं कॉमिक हे रेखाचित्र, आणि ते बदलापूर लोकलच्या खिडकीत जेमतेम दोन स्टेशनं टिकलं असेल.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुसलेलं पीस. कलम ५७ प्रमाणे कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क, हे दोन्ही कॉपीराइट विकला तरी कलाकाराकडे राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकलं गेलं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष सहगलांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. तुमचं पीस म्हणजे तुमची सही होती. ती पुसून तुमच्या पक्ष्याच्या तोंडी तुम्ही कधीच लिहिलं नसतं असं वाक्य घालणं हे कलम ५७ च्या कक्षेत येतं, असं माझं ठाम मत आहे.

आता कच्चा दुवा. ते चित्र तुमचंच, हे दाखवायचं कसं? पेन्सिलची कच्ची चित्रं, चुकलेली पानं, मूळ शाईचा कागद हे सगळं गोळा करा. झेरॉक्सची बिलं क्वचित कुणी ठेवतं, पण ऑनलाइन पैसे दिले असतील तर नोंद सापडेल. मित्राला पाठवलेले जुने फोटो महत्त्वाचे, कारण त्यांवर तारीख असते. ते न्यायालयात दाखवायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं, प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून मूळ फोन विकू नका. ज्यांना कॉमिक सापडलं त्यांच्यापैकी कुणी त्याचा फोटो कुठे टाकला असेल तर तोही शोधा. दुकानातून एक मग आणि एक टीशर्ट विकत घ्या, बिलासकट.

मग वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस. ती घाईने पाठवायची दोन कारणं आहेत. कॉपीराइट असल्याची कल्पनाच नव्हती, असं दुकानदाराने सिद्ध केलं तर तुम्हाला मनाई हुकूम आणि नफ्यातला वाटा मिळेल, पण नुकसानभरपाई नाही. नोटीस हातात पडल्यावर हा बचाव संपतो. शिवाय जाणूनबुजून केलेलं उल्लंघन हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा, आणि तो दखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तरी सुरुवात फौजदारीने करू नका. तुम्हाला त्या वस्तू बाजारातून हटायला हव्यात, ते दिवाणी मनाई हुकमाने लवकर साधतं. कलम ६२ मुळे दावा पुण्यात जाऊन लावायची गरज नाही, तुम्ही राहता त्या ठाणे जिल्ह्यातच लावता येतो.

नोटिशीनंतर तो बहुधा म्हणेल, "रॉयल्टी घ्या आणि विषय मिटवा." लगेच हो म्हणू नका. नोंदणी करता येईल असं डिझाइन मालकाच्या परवानगीने, नोंदणी न करता, यंत्रावर ५० पेक्षा जास्त वस्तूंवर छापलं गेलं, तर त्यातला कॉपीराइट संपतो असं कलम १५ सांगतं. दुकानदाराने चोरून छापलेले मग त्यात मोजले जात नाहीत, पण तुमच्या परवानगीने छापलेले मोजले जाऊ शकतात. हे कलम तुमच्या चित्राला लागू होतं की नाही यावर वाद घालता येईल, पण तो वाद ओढवून का घ्यायचा? करारावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

कॉमिकं ठेवणं अजिबात थांबवू नका. टेप मात्र नको, आणि पत्र्याच्या किंवा बंद डबीत तर मुळीच नको. लोकलमध्ये बेवारस डबी दिसली की लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. ग्रंथपालांना एकदा विचारून घ्या. शेवटच्या पानावर पिसाखाली दोन ओळी वाढवा: "वाचा आणि पुढच्या कुणासाठी ठेवा. चित्र छापायचं असेल तर आधी विचारा." खाली एक ईमेल पत्ता. खरं नाव द्यायलाच हवं असं नाही.

वकिलाकडे जाताना भारद्वाज पहिल्यांदा काढला ती वही बरोबर न्या, आणि तिची पानं सुटी करू नका.