परसातल्या कोंबड्यांना बागेतला झाडपाला औषध म्हणून पुरतो का?

तुम्ही विचारलंय की घरामागे ८ गावठी कोंबड्या आहेत, बागेत तुळस, हळद, पुदिना, शेवगा, कडुनिंब आहे, तर दुकानातली औषधं न आणता एवढ्यावर त्या धडधाकट राहतील का. मी चिपळूणजवळच्या गावात १२ वर्षं कोंबड्या पाळतेय, कधी १०, कधी २५. झाडपाल्यावर बरंच काही भागतं. कुठे भागत नाही, ते मला एका वर्षी १४ कोंबड्या गमावल्यावर कळलं. ते पुढे सांगते.

बागेतलं सगळ्यात कामाचं झाड म्हणजे शेवगा. मी त्याला औषध म्हणत नाही, तो सरळ खाऊ आहे. वाळलेल्या पाल्यात जवळजवळ पाव भाग प्रथिनं असतात, कॅल्शियमही चांगलं. ८ कोंबड्यांना रोज दोन मुठी ओला पाला पुरे. डहाळी खुराड्याच्या दाराशी जरा उंच टांगली की उड्या मारमारून खातात, आणि एकमेकींची पिसं ओढायचं विसरतात. दोन-तीन आठवड्यांत अंड्याचा बलक केशरी दिसू लागतो. कवच मात्र नुसत्या पाल्याने घट्ट होत नाही. आमच्याकडे तिसऱ्या केल्या की शिंपल्या फेकत नाही, भाजून, कुटून एका करवंटीत ठेवते. ज्या कोंबडीला हवं ती टिपते.

तुळशीबद्दल बरंच वाचायला मिळतं. माझ्या कोंबड्यांनी आजवर तुळशीचं पान आवडीने खाल्लेलं मी पाहिलेलं नाही. वृंदावनातली माती उकरायला मात्र सगळ्या हजर. पुदिना दोन चोची मारून सोडून देतात.

आता उवा, कारण पाल्याचा खरा उपयोग मला इथे झाला. कोंबडी सारखी चोचीने अंग खाजवते, अंडी कमी करते, तुरा फिकट पडतो, तर रात्री ती बसल्यावर अलगद उचला आणि शेपटीखालच्या पिसांत फुंकर मारा. बॅटरीच्या उजेडात तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर उवा सैरावैरा पळताना दिसतात. पिसांच्या मुळाशी पांढरे गठ्ठे असले तर त्या लिखा. एका जुन्या घमेल्यात चुलीची गार, चाळलेली राख आणि कोरडी माती निम्मी-निम्मी घ्या, त्यात सावलीत वाळवून कुटलेला कडुनिंबाचा किंवा सीताफळाचा पाला दोन मुठी मिसळा, आणि घमेलं पावसाचा थेंब येणार नाही असं पडवीखाली ठेवा. कोंबड्या आपणहून लोळतात. लिखा त्यातून वाचतात, म्हणून ८-१० दिवसांनी नवी राख घालून पुन्हा. सीताफळाच्या बियांची पूड काही जण सुचवतील, ती वापरू नका. डोळ्यात गेली तर कोंबडीचेच काय, तुमचेही डोळे जातील.

दिवसा कोंबडीवर काहीच सापडत नाही पण ती खुराड्यात शिरायला कुरकुरते, तर लाल किड्यांचा संशय घ्या. हे दिवसभर लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. अंधार पडल्यावर बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं फिरवा, लाल डाग उमटले तर तेच. इथे पाला-बिला काही करत नाही. खुराडं रिकामं करून फटीफटीत उकळतं पाणी ओता, उन्हात कडकडीत वाळवा, मग चुना मारा. सासूबाई खुडूक कोंबडीच्या टोपलीत पेंढ्याखाली निर्गुडीचा पाला घालतात. किडे येत नाहीत म्हणतात, मी नाही म्हणत नाही.

लसूण आणि हळद मीही देते. लिटरभर पाण्यात दोन-तीन पाकळ्या ठेचून, आठवड्यातून दोनदा, आणि उरलेलं पाणी संध्याकाळी ओतून टाकायचं, नाहीतर आंबतं. रोज आणि भरपूर लसूण नको, फार झाला तर रक्त कमी होतं. हळद खोबरेल तेलात कालवून एकमेकींना चोची मारून झालेल्या जखमांवर लावली तर उत्तम. देवी आल्यावर तुऱ्यावरच्या खपल्यांनाही तीच लावतात. पण कोरड्या, म्हणजे नुसत्या कातडीवरच्या, देवी दोन-चार आठवड्यांत बहुधा आपसूक जातात, श्रेय हळदीला मिळतं. देवी डासांनी पसरतात. म्हणून संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करायचा तर खुराड्याच्या बाहेर, वाऱ्याची दिशा बघून. बंद खुराड्यात धूर कोंडला की कोंबड्यांना श्वासाचा त्रास होतो.

आता त्या १४ कोंबड्या. मार्च महिना होता, शेजारच्या वाडीत मर लागल्याची बातमी आली. मी निर्धास्त, कारण माझ्या कोंबड्या लसूण-हळदीच्या पाण्यावर होत्या आणि सगळ्यांना हे पाणी सांगत मीच फिरत होते. एका सकाळी एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पंख पाडून कोपऱ्यात उभी, शीट हिरवी आणि पातळ. दुसऱ्या दिवशी तीन. मग माना वळायला लागल्या, चालताना गोल फिरायच्या आणि पडायच्या. आठवड्यात खुराडं रिकामं. मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हा विषाणू आहे, एकदा कोंबडी पडली की त्यावर दवाखान्यातही औषध नाही, मग माझा लसूण कुठला पुरणार?

यावर लसच. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटा या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि ते ६ ते ८ आठवड्यांचं झालं की आर-टू-बी ही दुसरी लस, पंखाखाली टोचून. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. शिशी बहुधा १०० मात्रांची असते आणि एकदा फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, त्यामुळे ८ कोंबड्यांसाठी एकट्याने आणणं परवडत नाही. आम्ही वाडीतल्या सहा घरांच्या कोंबड्यांना एकाच सकाळी, खुराड्यांची दारं उघडण्याआधी लस देतो. शिशी बर्फात आणायची. आणि लस पाण्यातून देणार असाल तर त्या पाण्यात लसूण, हळद, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) काहीही नको, कारण लसीतला विषाणू जिवंत असतो, तो मेला तर लस वाया.

रक्ती हगवणही पाल्यावर काढू नका. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं की त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती ओल्या जमिनीतून वाढते, म्हणून आगोटीआधी खुराड्याखाली कोरडा भुसा भरून ठेवा. जंतांसाठी पपईच्या बिया मी टाकते, पण मोठा भरवसा ठेवत नाही, शिटेत जंत दिसले तर औषधच देते. आणि एकदम बऱ्याच कोंबड्या पटापट मरू लागल्या तर हात लावू नका, खाऊ तर नकाच, दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू आपल्याकडे नवापूरला २००६ मध्ये येऊन गेलाय.

बागेत कण्हेर, घाणेरी किंवा एरंड असेल तर कोंबड्या तिकडे जाणार नाहीत असं बघा.

तुमच्या आठांत पिल्लं किती आणि ती किती दिवसांची, ते लिहिलं नाहीत. आठवड्याच्या आतली असतील तर पाल्याचं नंतर बघू, आधी लासोटाची शिशी कुठे मिळते ते विचारून या.